बिनवासाची पानं

१

"छोटे, हे पडदे मघाशी पांढरे होते ना गं? पिवळे कधी केले?"

धाकटीने वहीतून मान वर केली. पडदे पांढरेच होते. लॉजच्या पलंगावर आडव्या झालेल्या थोरलीच्या कपाळावर मात्र घाम डवरला होता आणि ओठ पांढुरके पडले होते. दुपारचे तीन वाजत होते. जेवून आल्यापासून तिला दोनदा उलटी झाली होती. वळणावळणाच्या रस्त्याने झालं असेल, म्हणून दोघींनी तिकडे दुर्लक्ष केलं होतं.

धाकटीने तिचं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मोजायला लागली. एक मिनिट झालं. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

बेचाळीस.

अर्ध्या तासात त्या गावातल्या लहानशा दवाखान्यात होत्या. लॉजवाल्याने स्वतःची गाडी काढली होती. डॉक्टर वयाने तरुण होती, पण हात सराईत होते. तिने छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी पाहिली आणि धाकटीला बाहेर बोलावलं.

"ठोके अडतीसवर आलेत. मध्येच एखादा गळतोय. या कसल्या गोळ्या घेतात?"

"रक्तदाबाची एक. सकाळी. मीच मोजून देते."

"मग पोटात असं काहीतरी गेलंय जे थेट हृदयावर जातं. याला उतारा आहे, पण माझ्याकडे नाही. मोठ्या इस्पितळात आहे, तीन तासांवर. त्यांच्याकडेही थोडाच असतो, नुसत्या अंदाजावर ते देत नाहीत. मला नाव हवंय. काय खाल्लं यांनी?"

"दोघी एकाच टेबलावर जेवलो. एकाच पातेल्यातलं. मला तर काहीच झालेलं नाही."

"मग यांनी खाल्लं आणि तुम्ही नाही, असं काय ते आठवा," डॉक्टर म्हणाली. "आणि लवकर आठवा."

२

या दोघी बहिणी दरवर्षी पंधरा दिवस गाडी घेऊन निघायच्या. थोरली शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली, धाकटी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढून. प्रवासाचा नियम एकच: जिथे भाजी स्वतःच्या मातीत, औषध न फवारता पिकवतात आणि तीच शिजवून वाढतात, अशाच ठिकाणी जेवायचं. थोरली प्रत्येक जेवणाबद्दल एका वहीत लिहायची. धाकटी गुण द्यायची. थोरलीला सगळंच आवडायचं. धाकटी दहापैकी सातच्या वर कधी गेलेली नव्हती.

दवाखान्याच्या बाकावर बसून धाकटीने दुपार डोळ्यांसमोर आणली.

गावाबाहेरचं छोटं भोजनगृह. मागे भाजीचे वाफे, पुढे एक लांब टेबल, बारा माणसं. आधी सूप आलं, ते चांगलंच खारट होतं. पाव बुडाशी काळा पडलेला. पालेभाजीची कोशिंबीर मोठ्या वाडग्यातून सगळ्यांनी घेतलेली. "पाच गुण," धाकटी कुजबुजली होती आणि थोरलीने तिला कोपराने ढोसलं होतं. "एकटी बाई चालवते गं. नवरा जाऊन दोन वर्षं झालीत. सात लिही."

मग चहा. फळीवर पाच काचेच्या बरण्या होत्या, त्यांवर झाडांची नावं नव्हती, नुसतं लिहिलेलं: पोटासाठी, झोपेसाठी, डोकेदुखीसाठी, थकव्यासाठी, सर्दीसाठी. धाकटी जेवणावर चहा घेत नाही. ती उठून वाफे बघायला गेली होती. थोरलीला तीन दिवस सर्दी झालेली, नाक चोंदलेलं. तिने काय मागितलं असेल हे विचारायची गरज नव्हती. परतताना गाडीत ती म्हणालीही होती, "कडू जहर होता गं चहा. पण दोन किटल्या संपवल्या. औषध समजून."

धाकटी ताडकन उठली. थोरलीच्या पिशवीतून तिने वही काढली. थोरलीला एक खोड होती. प्रत्येक ठिकाणचं एक पान ती वहीत चिकटपट्टीने डकवायची. आजच्या पानावर, किटलीतून काढलेलं एक लांबट, अजून ओलसर पान होतं. खाली तिचं सुबक अक्षर: "सर्दीचा चहा. निलगिरीचा, म्हणाल्या. मला नाकाने काही कळेना!"

धाकटीने पान चोळलं. वास नाही. खिडकीच्या उजेडासमोर धरलं. निलगिरीच्या पानात तेलाचे बारीक ठिपके असतात, उजेडात ते चमकतात. इथे एकही ठिपका नव्हता. मधली शीर जाड आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारख्या सरळ शिरा.

ती डॉक्टरच्या खोलीत शिरली आणि वही टेबलावर ठेवली.

"कण्हेर आहे."

"खात्री?"

"एकतीस वर्षं मसाल्यांत आणि पानांत काय काय भेसळ केलेली असते तेच बघत आले आहे. लिहून देते, सही करते."

डॉक्टरने तेवढ्यात फोन उचललाच होता. पलीकडे दोनदा समजावून सांगितल्यावर होकार आला. उतारा घेऊन गाडी निघेल, सातपर्यंत पोचेल. तोवर थोरलीला सांभाळायचं होतं.

"इथे तुमचं काम नाही आता," डॉक्टर म्हणाली. "मी हलणार नाही यांच्याजवळून. पण ती बरणी..."

पुढचं तिने बोलायची गरज नव्हती. बरणी अजून फळीवर असेल तर संध्याकाळचा चहा घ्यायला कुणीतरी बसलं असेल. धाकटीने भोजनगृहाचा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तिने गाडीची किल्ली घेतली.

३

भोजनगृहात गिऱ्हाईक नव्हतं. एक तिशीची वाढपीण फरशी पुसत होती. धाकटी तिला ओलांडून थेट फळीपाशी गेली.

बरण्या चार होत्या. पाचवीच्या जागी फळीवर नुसता गोल वळ उरला होता.

"सर्दीसाठीची बरणी कुठाय?"

वाढपिणीने फळीकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. "मघाशी तर होती!"

धाकटी स्वयंपाकघरात शिरली. मालकीण ओट्याशी उभी होती, पन्नाशीची, केस घट्ट बांधलेले. समोर तराजू, शेजारी उघडी वही. वहीत बोट ठेवून ती पीठ तोलत होती. एक चमचा घातला, काटा पाहिला, अर्धा चमचा काढला. तिच्या मागे भट्टीच्या फटीतून निळसर धूर निघत होता आणि खोलीभर करपट वास सुटला होता.

"अहो, भट्टीत जळतंय!"

मालकिणीने वळून पाहिलं. धूर दिसला तशी तिने फडकं घेऊन दार उघडलं. आतले पाव कोळसा झाले होते.

"माझी बहीण दवाखान्यात आहे," धाकटी म्हणाली. "तुमच्या सर्दीच्या चहात कण्हेर होती. तिचं हृदय निम्म्या वेगाने चाललंय."

ट्रे मालकिणीच्या हातातून ओट्यावर आदळला.

तेवढ्यात मागच्या दाराने एक धिप्पाड माणूस आत आला. तो मालकिणीचा दीर. बाजाराचं, गाडीचं, वीज-पाण्याचं सगळं तो बघायचा. त्याने शेवटचं वाक्य ऐकलेलं होतं.

"हे बघा, बाई. अकरा माणसं जेवून ठणठणीत गेली. एकीला काही झालं म्हणून आमच्या नावाने खडे फोडू नका. वहिनी, तू एक शब्द बोलू नकोस."

"मला तुमचं नाव खराब करायचं नाही. त्या बरणीत काय होतं आणि ती आज कुणी भरली, एवढंच सांगा."

"निलगिरी," मालकीण कसंबसं म्हणाली. "सर्दीला निलगिरीच असते आमच्याकडे. मागच्या अंगणातल्या झाडाची."

"भरली कुणी?"

मालकिणीने क्षणभर दिराकडे, मग दाराकडे पाहिलं. दारात वाढपीण उभी होती.

"बरण्या ही भरते," मालकीण म्हणाली.

वाढपिणीने हातातलं फडकं घट्ट पिळलं.

४

धाकटी बाहेर आली तशी वाढपीण बादली घेऊन मागोमाग आली. पाणी ओतायचं निमित्त करून ती हळू आवाजात बोलली.

"बाई, बरण्या मी भरते हे खरंय. पण आज नाही भरली. सर्दीची बरणी काल संध्याकाळीच संपली होती, मी धुऊन पालथी घातली. आज सकाळी मुलीच्या शाळेत बोलावलं होतं, साडेअकराला आले. आले तेव्हा बरणी भरून फळीवर! मला वाटलं, बरं झालं, एक काम वाचलं."

"हे आत का नाही बोललीस?"

"तुम्ही संध्याकाळी निघून जाल. मला उद्या इथेच यायचंय."

म्हणजे बरणी भरली गेली ती सकाळी साडेअकराच्या आत. तेव्हा इथे कोण होतं?

दीर गाडीत खोकी चढवत होता. धाकटी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो सकाळी सहाला बाजारात गेला होता आणि दोनला परतला, हे त्याने न विचारताच सांगितलं. गाडीत दुपारी दीडची टोलची पावतीही पडलेली होती.

"आणि निलगिरीचं झाड?"

"कुठलं झाड?" तो हसला. "तीन महिन्यांपूर्वी पाडलं मी ते. ट्रक वळायला जागा नव्हती. वाळलेली पानं पोत्यात भरून ठेवली होती, तीच वापरत होते हे लोक."

"मग पोतं संपल्यावर?"

"ते त्या म्हाताऱ्याला विचारा. पानं, माती, शेण, सगळा त्याचा प्रांत. माझं ऐकलं असतं तर एव्हाना इथे हमरस्त्याचं मोठं हॉटेल उभं राहिलं असतं."

कुठेतरी पाणी मुरत होतं. हे ठिकाण बंद पडलं तर या माणसाचं भलंच होणार होतं. पण सकाळी तो इथे नव्हता.

धाकटी मागच्या कुंपणापाशी गेली. निलगिरीचा बुंधा गुडघ्याएवढा उरला होता आणि त्याला नवे फुटवे आले होते. तिने एक पान तोडून चोळलं. बाम उघडल्यासारखा वास आला. पण पान लांबट नव्हतं, गोल होतं, निळसर, नाण्यासारखं. पाडलेल्या निलगिरीला आधी असलीच पानं येतात.

लांबट पानं त्याच्या शेजारी होती. कुंपणाला लागून कण्हेरीची रांग, फुलांविना, नुसती हिरवीगार. एका झुडपाचे शेंडे मोडलेले होते. तिने मोजले. चौदा. हाताने ओढून मोडलेले, सालीच्या चिंध्या लोंबत होत्या.

"दवाखान्यातून आलात," मागून आवाज आला. "स्पिरिट आणि फिनेल."

खताच्या ढिगापाशी एक म्हातारा माळी उकिडवा बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. दोन्ही बुबुळांवर दुधाळ पडदा होता. कमरेला कात्री खोचलेली होती.

"बहीण कशी आहे तुमची?"

"जगेल की नाही, हे सातनंतर कळेल."

म्हाताऱ्याने मातीत बोटं रुतवली.

"मग दुसऱ्या कुणाला त्रास देऊ नका," तो म्हणाला. "पानं मी तोडली. बरणीही मीच पुरली."

५

त्याने खताचा ढीग उकरून बरणी बाहेर काढली तेव्हा सगळे जमले होते.

"झालं!" दीर म्हणाला. "डोळ्यांनी दिसत नाही आणि निघाला पानं तोडायला. वहिनी, किती वेळा सांगितलं तुला, याला घरी बसव म्हणून!"

मालकीण भिंतीला टेकून उभी होती. तिने मान वर केली नाही.

सगळं जुळत होतं. अधू डोळ्यांचा माळी, शेजारी शेजारी वाढलेली दोन झाडं, चूक कळल्यावर घाबरून लपवलेली बरणी. दुसरी कुणी असती तर इथेच थांबली असती. पण धाकटीने आयुष्यभर नमुने तपासले होते आणि बेरीज जुळल्याशिवाय तिने कधीच सही केली नव्हती.

"काका, किती पानं तोडलीत?"

"मूठभर. बरणीपुरती."

तिने बरणी फरशीवर उपडी केली आणि पानं मोजली. बावन्न. थोरलीच्या दोन किटल्यांत गेली असतील जास्तीत जास्त दहा. पण तिकडे चौदा शेंडे मोडले होते आणि एकेका शेंड्याला दहा-बारा पानं सहज असतात.

"काका, बाकीची पानं कुठे आहेत?"

"कुठली बाकीची?"

म्हातारा गोंधळला होता. त्याला खरंच माहीत नव्हतं. शंभरच्या आसपास पानं कुठेतरी होती आणि कबुली देणाऱ्याला त्यांचा पत्ताच नव्हता.

तिने वाफ्यांतून चार-पाच पानं खुडून आणली आणि एकेक त्याच्या हातात दिलं. "काय आहे?"

म्हाताऱ्याने पान डोळ्यांजवळ नेलंच नाही. नाकाशी धरलं. "पुदिना. हा गवती चहा, जून झालाय. हा ओवा. ही तुळस." शेवटी तिने बरणीतलं पान दिलं. त्याने हुंगलं आणि लगेच हात बाजूला केला.

"तुम्ही डोळ्यांनी झाड ओळखतच नाही," धाकटी म्हणाली. "नाकाने ओळखता. निलगिरी म्हणून तुम्ही हे पान कधीच तोडणार नाही. आणि तोडलं असतं तर कात्रीने, असं ओरबाडून नाही. मी दवाखान्यातून इथे फोन लावला, तो वाजत होता तेव्हा काय झालं ते तुम्हीच सांगा."

वाढपीण पुढे आली. "फोन नंतर वाजला. त्याआधीच लॉजवाल्याचा माणूस सांगून गेला होता, तुमच्या पाहुण्या बाईंना दवाखान्यात नेलंय. मी काकांना सांगितलं. काका आत आले आणि एकेक बरणी उघडून हुंगत होते."

"म्हणजे तुम्हाला वासावरून कळलं, काका. कुणी केलं असेल तेही कळलं. म्हणून तुम्ही बरणी पुरलीत." धाकटीचा आवाज चढला नाही, पण ती हटली नाही. "ज्याने पानं तोडली त्याला डोळे आहेत. लांबट पान बघून त्याने तोडलं. एकदा जरी चोळून नाकाशी नेलं असतं तर कळलं असतं. त्याला डोळे आहेत, नाक नाही."

ती मालकिणीकडे वळली.

"आपण दोघी आत बसू या का?"

६

स्वयंपाकघराचं दार तिने स्वतः लावून घेतलं. दीर बाहेरून काहीतरी ओरडला, तिने लक्ष दिलं नाही.

"मी आत आले तेव्हा पाव जळून खोलीभर वास सुटला होता," ती म्हणाली. "तुम्ही भट्टीकडे पाठ करून उभ्या होतात. मी ओरडले, तुम्ही वळलात, धूर दिसला, तेव्हा कळलं. दुपारचं सूप खारट होतं. वर्षानुवर्षं स्वयंपाक करणारी बाई आपलाच पदार्थ वहीत बघून, तराजूवर तोलून करत होती. तुम्हाला वास येत नाही. किती दिवस झाले?"

मालकिणीने पदराने ओटा पुसायला सुरुवात केली. स्वच्छच होता तो.

"आठ महिने," ती अखेर म्हणाली. "ताप आला होता. ताप गेला, वास परत आलाच नाही. चवही गेली. गोड, खारट एवढंच थोडंफार कळतं, तेही कधी कळतं, कधी नाही. कुणाला सांगू? लोक माझ्या हाताला चव आहे म्हणून लांबून येतात. दिराला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याने इथे ट्रक उभे केले असते."

"सकाळी काय झालं?"

"बरणी रिकामी दिसली, पोतंही संपलं होतं. काका परवाच म्हणाले होते, मागची निलगिरी पुन्हा फुटलीय. मी गेले. बागेचं सगळं आमचे हे बघायचे, मला स्वयंपाकघरापलीकडचं फार कळत नाही. बुंध्याजवळ लांब पानं दिसली, वाळलेली असायची तशीच. तोडली." तिने डोळे मिटले. "काकांनी कबूल केलं तेव्हा मला वाटलं, कदाचित त्यांनीच नंतर काही मिसळलं असेल. खरं सांगते, तसं वाटून घेतलं मी. गप्प बसले."

"ते नंतर बोलू. बाकीची पानं कुठे आहेत?"

मालकिणीचे डोळे उघडले. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"पाकिटं," ती म्हणाली. "जास्तीच्या पानांची मी चार पाकिटं केली. विकायला. दाराजवळच्या टोपलीत..."

दोघी धावतच बाहेर आल्या. टोपलीत 'सर्दीसाठी' लिहिलेली तीन पाकिटं होती.

"एक गेलं," वाढपीण म्हणाली. "मीच दिलं. त्या बाईंना, ज्यांची लहान मुलगी सारखी शिंकत होती."

टेबलाच्या टोकाला बसून मुलीचं नाक पुसणारी ती आई धाकटीला आठवली. साधारण चार वर्षांची मुलगी. अर्धी किटली पुरेशी होती.

"टेबल राखून ठेवताना नंबर घेता ना?"

वाढपिणीने नोंदवही उघडली. नंबर होता. धाकटीने लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. दिराने हमरस्त्यावरच्या ओळखीच्या पेट्रोलपंपांना एकेक फोन करायला सुरुवात केली. लाल गाडी, दोन मुलं, कुठे थांबलीय का बघा. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो करत होता.

चौथ्या वेळी फोन उचलला गेला. मालकिणीने हात पुढे केला.

"मला द्या. मी बोलते."

तिने फोन कानाला लावला. "बाई, दुपारी तुम्ही आमच्याकडे जेवलात. सर्दीचं पाकीट नेलंत, ते उघडलंत का?"

पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं.

"ओतून टाका. आत्ता, माझ्याशी बोलता बोलता. मुलीला एक घोटही देऊ नका. त्यात विषारी पानं आहेत. नाही, दुसऱ्या कुणाची चूक नाही. मी तोडली. मला वास येत नाही म्हणून मला कळलं नाही." तिने फोन दोन्ही हातांनी धरला. "कुणी प्यायलंय का? नक्की? भांडंही घासून टाका. मी धरते फोन. तुम्ही आधी जा."

बऱ्याच वेळाने तिने फोन खाली ठेवला आणि जमिनीवरच बसली.

"पाणी उकळलं होतं," ती म्हणाली. "पानं घातली होती. निवायला ठेवलं होतं फक्त."

म्हातारा माळी चाचपडत तिच्याजवळ आला. "मीच सांगितलं होतं, झाड फुटलंय म्हणून," तो पुटपुटला. "गोल पानांचं सांगायला विसरलो. मालक गेल्यावर तुम्ही मला काढलं नाहीत. मला वाटलं, एवढं तरी करावं."

"तुमच्या त्या 'एवढं तरी'मुळे एक पोर गेली असती, काका," धाकटी म्हणाली. ती रागावली होती आणि तिने ते लपवलं नाही.

७

उताऱ्याची गाडी सातला दहा मिनिटं कमी असताना आली. औषध थेंब थेंब शिरेतून जात होतं आणि धाकटी पडद्यावरच्या आकड्याला डोळे लावून बसली होती. एक्केचाळीस. चव्वेचाळीस. पुन्हा बेचाळीस. डॉक्टर म्हणाली, घाई करू नका. सकाळी धाकटीने डोळे उघडले तेव्हा आकडा सदुसष्ट होता आणि थोरली तिच्याकडे बघत होती.

"अशी खुर्चीत झोपलीस तर मान धरेल तुझी."

धाकटी रडली. एकतीस वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती, आता भरपूर रडली.

तिसऱ्या दिवशी मालकीण आली. तिने दारातूनच हात जोडले आणि सगळं सांगितलं, काहीही न गाळता. वाढपिणीवर ढकललं तेही सांगितलं, म्हातारा कबुली देत असताना गप्प बसली तेही. चहाची फळी काढून टाकली होती. डॉक्टरांकडे लेखी जबाब दिला होता, पुढे जे होईल ते होईल. आणि भोजनगृह ती बंद करणार होती.

"जिला चव कळत नाही तिने रांधू नये," ती म्हणाली.

थोरलीने शाळेत वापरायची ती नजर तिच्यावर रोखली.

"त्या वाढणाऱ्या मुलीला चव कळते ना?"

"कळते. चांगली कळते."

"आणि त्या माळीकाकांच्या नाकासमोरून काय निसटेल?"

"काहीच नाही," मालकीण म्हणाली.

"चूक तुमचं नाक गेलं ही नव्हे. चूक तुम्ही ते लपवलंत ही. आता सगळ्यांना माहीत झालंय, लपवायला काही उरलं नाही. आता रांधायला हरकत काय?" थोरली उशीला टेकून जरा वर सरकली. "मला डॉक्टरांनी उद्यापासून मऊ भात आणि उकडलेली भाजी सांगितलीय. दवाखान्याची भाजी मला घशाखाली जाणार नाही. तुम्ही करून आणा."

"ताई!" धाकटी उभीच राहिली. "तुला कळतंय का तू काय बोलतेयस?"

"कळतंय. बस खाली."

दुसऱ्या दिवशी अकराला तिघंही आली. डबा मालकिणीच्या हातात होता. वाढपिणीने दोनदा चाखला होता. भाजीतलं प्रत्येक पान म्हाताऱ्याने धुण्याआधी आणि धुतल्यावर हुंगलं होतं, हे तो स्वतः तीनदा सांगून मोकळा झाला. मालकिणीने ताटलीत वाढलं. चमचा मात्र ती धरूनच राहिली, तेव्हा थोरलीने तिचं मनगट धरलं आणि तो हळूच काढून घेतला.

ती सावकाश जेवली. चार घास झाल्यावर तिने मालकिणीकडे पाहून मान हलवली आणि पुढचा घास घेतला.

धाकटी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून हे सगळं बघत होती. मग तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मलाही वाढा थोडं," ती म्हणाली.